परकारचाचांची आफ्रिका

दोहात, बिन महमूद भागातल्या आमच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, फोटोकॉपी मशीनच्या मागून हत्ती येताना मी स्वतः पाहिलाय. खोटं वाटत असेल तर वाटू दे. हत्तीला कानांच्या जागी दोन हिरव्या बॉक्स फाइली होत्या, सोंडेच्या जागी उजवा हात होता, आणि वय अठ्ठावन्न. अंगाने म्हणाल तर शेवग्याची शेंग. तरी सांगते, तो फाइली हलवत पँट्रीच्या दारातून बाहेर आला आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या आठ सुशिक्षित माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता काय करायचं?" हत्तीनेच विचारलं.

"फोटो काढायचा," पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले.

"मेलात," हत्ती म्हणाला. "पुढचा?"

हे आमचे इब्राहिम परकार. मूळचे गुहागरकडचे. आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया हा सगळा मुलूख त्यांच्याकडे. तोही साधा नव्हे. पक्षी बघणाऱ्यांच्या टूर्स, रानफुलांच्या टूर्स, बेडकांच्या, फुलपाखरांच्या, ताऱ्यांच्या. ज्याला ज्याचं वेड, त्याची तशी सहल. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून पासपोर्ट आणि व्हिसा बघायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे, आणि ते मला "गो नाशिकवाली" म्हणायचे. माझं नाव वृषाली आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, अल्ला जाणे.

तर ही हत्तीची तालीम. तिकीट काढलेल्या प्रत्येक माणसाला जायच्या आधी ऑफिसात येऊन ती करावीच लागे. खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत लावायच्या, ती झाली जीप. उभं राहायचं नाही, बोट दाखवायचं नाही, ओरडायचं नाही, खाली वाकून मुलाच्या बुटाची नाडी बांधायची नाही. त्या दिवशी हे रंगात आलेलं असताना आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, दारात येऊन उभा राहिला. अतिशय शांत सुदानी माणूस.  मुदीरने मला खुणेनेच विचारलं, हे काय? मी काय सांगणार, कपाळ! मी म्हटलं, "एलिफंट, सर." तो मान हलवून शेवटच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला, हात मांडीवर ठेवून, एकदम स्तब्ध. चाचांनी डुलत डुलत येऊन त्याच्या टकलावरून सोंड फिरवली आणि म्हणाले, "शाब्बास! बगा, असा बसायचा. ह्याला हत्ती काय पण करणार नाय." मग त्यांनी नीट बघितलं. दोन्ही कान खाली पडले. मुदीरने उठून फाइली उचलून त्यांच्या हातात दिल्या आणि जाताना विचारलं, पुढच्या आठवड्यात सिंह ठेवता येईल का.

असं ते ऑफिस होतं. मी तिथे हसायला जायचे आणि महिन्याला पगारही घ्यायचे.

गिऱ्हाईक आलं की चाचा ब्रोशर देत नसत. सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा मागवायचे आणि डॉक्टरसारखी तपासणी सुरू करायचे. लहानपणी काय पकडायचात? बेडूक की चतुर? अंगणात पहाटे कोण ओरडायचं, आठवतं? झोप लागते का मोकळ्यावर? माणूस बिचारा सिंह बघायला आलेला असायचा. "सिंह काय, दिसेल," चाचा म्हणायचे, जसं काही सिंह हा जेवणातला पापड. "पण तुम्हाला खरं काय बघायचंय, ते बोला."

कतारच्याच उत्तरेकडच्या अल खोरहून एकदा एक जोडपं आलं. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते, हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. नवऱ्याला बिबट्या हवा होता, बायकोला काहीच नको होतं. चाचांनी अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्यांना शेणकिड्यांच्या टूरवर पाठवलं. हो, शेणकिडे! शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत नेणारे. मी म्हटलं, चाचा, हे लोक आपल्यावर केस टाकतील. दहा दिवसांनी दोघं परत आले, हातात हात घालून नव्हे, तसं काही नाही, पण भांडत आले. माझा किडा पहिला आला, नाही माझा पहिला आला. शर्यती लावल्या होत्या म्हणे. त्या बाई इतक्या खुलून बोलत होत्या की त्यांनी तीन ग्लास सुलेमानी संपवले आणि चाचा समोर बसून ऐकत होते, मधूनच विचारत होते: गोळा केवढा? लिंबाएवढा की मोसंबीएवढा? ऊन कुठल्या बाजूने होतं? जमीन लाल की पांढरी?

ही त्यांची अट होती. जो परत येईल त्याने दोन तास बसून सगळं सांगायचं. ऑफिसात वेळ नसेल तर अल मन्सूराच्या एका मलबारी हॉटेलात, पराठा खात. खाणं ते द्यायचे, बोलणं तुम्ही द्यायचं. कुठल्याही वहीत त्यांनी कधी काही लिहिलं नाही. पण पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना लाल जमीन लालच असायची आणि गोळा मोसंबीएवढाच.

शिवाय रोज अकरा वाजता त्यांचा फोन असायचा, झांबियाला. तिथे लुआंग्वा नावाची नदी आहे. नदीकाठच्या एका कॅम्पवर मिस्टर बांदा म्हणून गाइड होते. सकाळची फेरी करून ते परत आले की चाचा विचारायचे, "हाउ इज द रिव्हर?" आज पाणी किती, कोण प्यायला आलं, वेडे राघू आले का. आपल्याकडचा हिरवा वेडा राघू असतो ना, त्याचा तिकडचा भाऊ लालभडक असतो. नदीच्या उभ्या दरडीत हजारोंनी बिळं करून राहतो. फोन ठेवल्यावर चाचा ऑफिसभर जाहीर करायचे, "नदी कमरेएवढी झाली गो!" आमच्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टलाही त्या नदीची काळजी लागून राहिली होती.

आणि सामानाची तपासणी! तिकडची विमानं म्हणजे डबडी, पंधरा किलोच्या वर सामान चालत नाही, तेही मऊ बॅगेत. चाचा लोकांना बॅग घेऊन ऑफिसात बोलवायचे आणि स्वतः उघडायचे. पुण्याच्या एका आजींच्या बॅगेतून त्यांनी प्रेशर कुकर काढला. आजी म्हणाल्या, "अहो, भात कशात करू?" चाचा म्हणाले, "आजी, ह्याची शिटी वाजली तर हत्ती उत्तर देईल." आजींनी कुकर ठेवला, आणि चिवड्याची पिशवी पदराखाली घेऊन बसल्या. तिचाही चाचांना वास लागला. पण ती त्यांनी जाऊ दिली, फक्त दोन मुठी टोल म्हणून घेतल्या.

आता खरी गोष्ट. चाचांची साठी जवळ आली होती, कंपनीतले शेवटचे काही महिने उरले होते. तेव्हाच, वर्षभर आमच्याकडे येणारे सबनीससाहेब एक बेत घेऊन आले. अल खोरलाच राहणारे, गॅस प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावर, सेफ्टी या शब्दावर प्राण. त्यांच्या ओळखीतल्या बारा माणसांना आणि स्वतःच्या बायकोला घेऊन त्यांना झांबियाला जायचं होतं, लाल राघू बघायला. चाचांनीच वर्षभर त्या राघूंचं वर्णन करून करून सगळ्यांना वेड लावलं होतं. सबनीस म्हणाले, "अट एकच. तुम्ही आमच्याबरोबर आलं पाहिजे. तुमच्यासारखा तिथला दगड न् दगड माहीत असलेला माणूस असताना आम्ही दुसरा गाइड कशाला बघू?" मुदीर लगेच हो म्हणाला. निवृत्तीची भेट समजा, म्हणाला. बायका आहेत म्हणून मलाही पाठवायचं ठरलं.

मी खुशीत चाचांचा पासपोर्ट मागितला. ते म्हणाले, देतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, विसरलो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ताप आहे. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खणातून तो काढला आणि पानं उलटली. दोहा, मुंबई. दोहा, मुंबई. दोहा, मुंबई. मी जुना पासपोर्ट मागितला. तिथेही तेच.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्ही आफ्रिकेला कधी गेलाच नाहीत?"

ते दाराकडे बघून आले, मग खुर्चीत बसले. "हळू बोल गो."

"अहो, पण कंपनी दर वर्षी फुकट पाठवते कुणाला तरी! मी स्वतः जाऊन आलेय!"

"रुकैयाला वर्षाचे तीस दिवस मिळतात," ते म्हणाले. रुकैया म्हणजे त्यांची बायको, गावी असते. "सत्तावीस वर्षं झाली. त्यातले दहा मी हत्तींना कसे देऊ?"

मी पासपोर्ट मिटून त्यांच्यासमोर ठेवला. 

"मी खोटं कधी बोललो नाय," ते म्हणाले. "पण लोकं बोलायची, चाचा तुम्ही तर कितीदा गेला असाल. तेव्हा मी गप बसलो. पयल्यांदा गप बसलो ना, मंग दुसऱ्यांदा बसायलाच लागतं. आता सबनीससाहेब काय बोलतील? सगळं दोहा बोलेल, हा म्हातारा थापा मारून टूर विकत होता. शेवटचे महिने हायत माझे. इज्जतीत जाऊ दे मला."

मी म्हटलं, जाऊच नका मग, आजारी पडा. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच ओशाळले. जायचं तर होतं हो त्यांना! मरणाचं जायचं होतं.

शेवटी ठरलं की जायचं आणि गप राहायचं. या भीतीपायी त्या ग्रुपच्या तालमीत चाचांचा हत्ती पार मरगळलेला आला. आणि एक महत्त्वाची सूचना द्यायची राहून गेली. "भडक कपडे नकोत" एवढं म्हणाले, आणि गाडी पुढे गेली.

दोहाच्या विमानतळावर आम्ही पोचलो, तर चौदाही जण एकसारख्या टी-शर्टात. गडद निळे. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'दोहा टू जंगल'. सबनीसवहिनींनी सगळ्यांना तीन-तीन शिवून घेतले होते, बदलायला. "चाचांनी सांगितलं भडक नको, म्हणून मुद्दाम गडद घेतला!" वहिनी म्हणाल्या. चाचांचा चेहरा पांढरा पडला. वहिनींना वाटलं, आनंदाने भरून आलं. मग त्यांनी चाचांचा खास टी-शर्ट काढला. त्याच्या पाठीवर होतं, 'जंगल एक्स्पर्ट'. बाईंचं मन कसं मोडायचं? चाचांनी तो शर्टावरून घातला. विमानात माझ्या शेजारी बसून ते फक्त एवढंच पुटपुटले, "निळा. या अल्ला, निळा."

मला काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी, छोट्या विमानातून उतरल्यावर. समोर मिस्टर बांदा उभे होते, ताडमाड, खाकी कपड्यात. एवढ्या वर्षांच्या फोननंतर चाचांना त्यांनी अशी मिठी मारली की चाचांचे पाय जमिनीवरून सुटले. "मिस्टर परकार! अॅट लास्ट!"

सबनीससाहेबांचे कान टवकारले. "अॅट लास्ट म्हणजे?"

मी चाचांकडे बघितलं, चाचांनी बांदांकडे. काय बघितलं असेल ते असो, बांदा सबनीसांकडे वळून म्हणाले, "अॅट लास्ट, इन द राइट सीझन, सर." माझा जीव भांड्यात पडला. मग बांदांची नजर आमच्या टी-शर्टांवर गेली आणि तो एवढा मोठा माणूस पोट धरून हसायला लागला.

कारण असं, की त्या रानात त्सेत्से नावाची माशी आहे. घोडमाशीची चुलत बहीण म्हणा. कपड्यावरून चावते, आणि तिला जगात दोन रंग सगळ्यात प्रिय, काळा आणि गडद निळा. रस्त्याच्या कडेला झाडांना तिला पकडायचे कापडी सापळे टांगलेले असतात. आमची उघडी जीप निघाली आणि पहिला सापळा दिसला. सबनीसवहिनी किंचाळल्या, "अगंबाई, हा तर आपलाच कपडा!" अगदी तोच निळा, तोच पोत. आणि मग माश्या आल्या. काय सांगू! तालमीत शिकवलेलं सगळं वाऱ्यावर गेलं. जो तो दुसऱ्याच्या पाठीवर थापटा मारतोय. सबनीससाहेब, प्लांटमध्ये हेल्मेटशिवाय पाऊल न टाकणारे, जीपमध्ये उभे राहून स्वतःभोवती गोल फिरत होते आणि "सेफ्टी! सेफ्टी!" ओरडत होते. बांदांनी गाडीच्या मागे टांगलेल्या डब्यात हत्तीचं वाळकं शेण पेटवलं, धूर केला, तेव्हा जरा कमी झालं. दूर एक जिराफ पाला खायचा सोडून आमच्याकडे बघत उभा होता.

कॅम्पवर पोचल्यावर चाचा पहिल्यांदा तोंड उघडते झाले. "चूक माझी हाय," म्हणाले. "आता मी सांगतो तसं करायचं." प्रत्येकाच्या बॅगेत पांढरे बनियन होते, बायकांकडे पांढरे कुर्ते, ओढण्या. आणि मराठी माणसांचा ग्रुप म्हटल्यावर चहा पावडर किती असेल, ती तुम्हीच समजा. चाचांनी कॅम्पच्या स्वयंपाक्याकडून मोठं पातेलं मागितलं, पाणी उकळलं, त्यात आमची सगळी पावडर ओतली आणि कपडे बुडवले. लाकडाने ढवळत होते आणि आजूबाजूला चौदा माणसं टॉवेल गुंडाळून उभी. तासाभरात अख्ख्या ग्रुपचा खाकी युनिफॉर्म दोरीवर वाळत होता. आलं-वेलचीचा वास येत होता त्याला, कारण वहिनींची पावडर मसाल्याची होती. बांदा म्हणाले, आयुष्यात पुष्कळ पाहुणे पाहिले, पण असे नाही. "आहेत खरे एक्स्पर्ट!" सबनीससाहेब सगळ्यांना सांगत होते. प्रत्येक वेळी तो शब्द कानावर आला की चाचा अंग चोरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राघूंकडे निघालो. सबनीससाहेब पुढे, बांदांच्या शेजारच्या सीटवर, चहाच्या रंगाच्या बाह्यांच्या बनियनमध्ये. चाचा अगदी मागे, माझ्याजवळ. वाळूतून गाडी वळली, थांबली, आणि समोर नदीची उभी दरड होती.

दरड हलत होती. नाही, राघू होते ते. लाल. लग्नातल्या शालूचा असतो तसा लाल, आणि एवढे, एवढे, की मधली माती दिसत नव्हती. मग कुठून तरी एक घार आली आणि ते सगळे एकदम उठले. आमच्या डोक्यावरून गेले.  मला वेड्यासारखं हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. मी चाचांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं.

"चाचा," पुढून सबनीससाहेब मागे वळून म्हणाले, "सांगा ना. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा एवढेच होते, की जास्ती?"

सगळे वळले. मी मनात म्हटलं, बोला, जास्ती म्हणा, कमी म्हणा, काहीही म्हणा.

चाचा उठून उभे राहिले. "मागची वेळ नाय, साहेब," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षांत मी पयल्यांदाच आलोय. आजच बगतोय."

 सबनीससाहेबांनी चष्मा काढला. "मग वर्षभर आम्हाला जे सांगत होतात ते?"

"ते तुमचंच," चाचा म्हणाले. "जो परत आला त्याने मला सांगितलं, ते मी पुढच्याला सांगितलं. माझं त्यात काय पण नाय. तुम्हाला फसवल्यासारखं वाटत असेल तर मापी मागतो. पण आता हे बगून पुन्हा गप बसायला जमत नाय मला."

 सबनीससाहेबांनी बांदांना विचारलं, उतरू का? बांदांनी इकडेतिकडे बघून मान डोलावली. साहेब खाली उतरले, वाळूतून चालत मागे आले आणि चाचांच्या बाजूला उभे राहिले. 

"चला, पुढे बसा," ते म्हणाले.

"नको साहेब, मी हितं ठीक..."

"अहो, सत्तावीस वर्षांनी आलात आणि माझं डोकं बघत बसणार? चला म्हणतो ना!"

त्यांनी हाताला धरून चाचांना उतरवलं, पुढे नेऊन बसवलं, आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन कसेबसे मावले. मग जे सुरू झालं ते काय विचारता! वहिनी म्हणाल्या, चाचा, ते बिळातून डोकं काढतंय ते बघा. कुणी म्हणालं, चाचा, उजवीकडे, उजवीकडे, पाण्यात पाणघोडा. कुणी दुर्बीण पुढे सरकवली. कुणी सांगितलं, शेपटीला लांब पीस असतं ते पाहिलंत का. चौदा जण एका सुरात चाचांना आफ्रिका समजावून सांगायला लागले.

चाचांनी मागे न वळता हात वर केला.

"जरा गप ऱ्हावा गो सगळी," ते म्हणाले. "मला बगू द्या."

आणि आम्ही सगळे गप बसलो.